रसमडा ते नायकुंड : लोखंडाच्या उगमाचा शोध

छत्तीसगडमधील भिलाई हे नाव उच्चारले की डोळ्यांपुढे झोतभट्ट्या, वितळलेल्या धातूचा लालभडक प्रवाह आणि लोहमार्गाचे रूळ उभे राहतात. याच भिलाईच्या पश्चिमेस, दुर्ग ओलांडल्यावर, मुंबई-हावडा लोहमार्गालगत रसमडा हे गाव आहे. येथील औद्योगिक क्षेत्रात स्पंज आयर्न तयार करणारे कारखाने आहेत. या कारखान्यांत लोखंड दगडातून निघते, परंतु ते वितळत नाही. लोखंड न वितळविता खनिजापासून वेगळे करण्याची ही युक्ती जगातील सर्वांत जुनी लोहविद्या आहे. रसमड्याच्या यंत्रांना वीज आणि दगडी कोळसा लागतो. याच परिसरातील डोंगरांत शतकानुशतके लोखंड काढणाऱ्या कारागिरांना मातीची भट्टी, लाकडाचा कोळसा आणि पायाने चालविलेला भाता पुरत असे. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच आहे.

ही विद्या प्रथम कोणी शोधली, ती एका ठिकाणाहून जगभर गेली की अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मली, आणि मध्य भारताचा तिच्याशी काय संबंध आहे, या प्रश्नांवर पुरातत्त्वज्ञांमध्ये दीर्घकाळ चर्चा सुरू आहे. गेल्या काही दशकांतील उत्खननांनी या चर्चेचे स्वरूप पार बदलून टाकले आहे.

आकाशातून पडलेले लोखंड

मानवाने वापरलेले पहिले लोखंड जमिनीतून आलेले नव्हते. इजिप्तमधील गेर्झे येथील दफनभूमीत सापडलेले लोखंडाचे मणी इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचे आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत हे मणी उल्केच्या लोखंडाचे असल्याचे स्पष्ट झाले. तुतनखामेन या इजिप्तच्या राजाच्या ममीसोबत मिळालेला खंजीरही उल्केच्याच लोखंडाचा असल्याचे २०१६ मध्ये सिद्ध झाले. उल्केतील लोखंडात निकेलचे प्रमाण बरेच असते. त्यावरून ते ओळखता येते.

असे लोखंड दुर्मीळ होते. त्याला सोन्याहूनही अधिक मोल होते. त्यापासून नांगराचा फाळ किंवा कुऱ्हाड घडविण्याचा विचार कोणी केला नसता. लोखंडाने माणसाचे जीवन बदलले ते दगडातून लोखंड काढण्याची कला साधल्यानंतरच. त्यामुळे 'लोखंड प्रथम कोठे सापडले' आणि 'लोखंड प्रथम कोठे तयार झाले' हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात.

दगडातून धातू कसा निघतो

तांबे १,०८५ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. शुद्ध लोखंडाला त्यासाठी १,५३८ अंश तापमान लागते. प्राचीन भट्ट्यांमध्ये एवढी उष्णता टिकविणे शक्य नव्हते. तरीही लोखंड मिळू शकले, कारण ते मिळविण्यासाठी वितळविण्याची गरजच नसते.

लोहखनिज म्हणजे प्रामुख्याने लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग. भट्टीत लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा कोळसा, अपुऱ्या हवेत जळाला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. हा वायू तापलेल्या खनिजातील प्राणवायू ओढून घेतो आणि मागे लोखंड उरते. ही क्रिया घन अवस्थेतच घडते. खनिजातील वाळू व माती यांचा लोखंडाच्या काही अंशाशी संयोग होऊन १,२०० अंशांच्या आसपास पातळ होणारी मळी बनते आणि ती भट्टीच्या तळाशी वाहून जाते. शेवटी भट्टीत राहतो तो मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र, मळीने माखलेला लोखंडाचा गोळा. तो लाल असतानाच घणाखाली ठोकून त्यातील मळी पिळून काढावी लागते. त्यानंतरच घडीव लोखंड हाती येते.

यातील प्रत्येक पायरीवर चूक होण्याचा धोका असतो. हवा कमी पडली तर मळी पातळ होत नाही. हवा फार झाली तर तयार झालेले लोखंड पुन्हा जळून जाते. खनिज फार मोठे राहिले तर ते आतून कच्चे राहते. ही सारी मोजमापे कारागीर ज्वाळेचा रंग, भात्याचा आवाज आणि मळीचा प्रवाह पाहून ठरवीत असत. लेखी सूत्र नसलेली ही विद्या हातातून हातात, पिढीतून पिढीत जात असे.

मळी ही टाकाऊ वस्तू असली तरी पुरातत्त्वज्ञांसाठी ती सर्वांत मोलाची साक्ष आहे. लोखंडाची वस्तू गंजून नाहीशी होते, व्यापारातून दूरवर जाते, वितळवून किंवा ठोकून पुन्हा वापरली जाते. जड आणि निरुपयोगी मळी मात्र भट्टीजवळच पडून राहते. एखाद्या गावी खंजीर सापडला तर तेथे लोखंड वापरात होते एवढेच म्हणता येते. भट्टीचा तळ, मातीच्या नळ्यांचे तुकडे आणि मळीचे ढीग सापडले, तर तेथे लोखंड तयार होत होते असे ठामपणे सांगता येते.

उगम एक की अनेक

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत एक सरळ मांडणी प्रचलित होती. आजच्या तुर्कस्तानातील हित्ती साम्राज्याकडे लोहविद्येची मक्तेदारी होती, इ.स.पू. १२०० च्या सुमारास ते साम्राज्य कोसळल्यावर कारागीर चहूकडे पांगले आणि त्यांच्यासोबत विद्याही पसरली, असे मानले जात असे. हित्ती राजांच्या पत्रव्यवहारात लोखंडाचा उल्लेख येतो हे खरे. परंतु मक्तेदारीची कल्पना आता बहुतेक अभ्यासकांनी सोडून दिली आहे. अनातोलियात लोहविद्येचे प्रयोग फार लवकर झाले यात शंका नाही. मात्र ती तेथूनच सर्वत्र गेली, असे म्हणण्यास पुरेसा आधार उरलेला नाही.

आफ्रिकेत, नायजेरियातील नोक संस्कृतीच्या लोकांनी इ.स.पू. पहिल्या सहस्रकात लोखंड तयार केल्याचे पुरावे आहेत. चीनमध्ये तर लोहविद्येने वेगळाच मार्ग धरला. तेथील कारागिरांनी इ.स.पू. पाचव्या शतकापर्यंत उंच भट्ट्या आणि जोरदार भाते वापरून लोखंडात कार्बन मुरविला. कार्बन मिसळल्यावर लोखंड १,१५० अंशांच्या आसपास वितळते आणि साच्यात ओतता येते. मराठीत ज्याला बीड म्हणतात ते हे ओतीव लोखंड. युरोपात झोतभट्टीतून असे लोखंड काढण्यास मध्ययुगाचा उत्तरार्ध उजाडला.

भारतापुरते बोलायचे तर ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांच्या मते लोखंड येथे इराणच्या हखामनी साम्राज्याच्या विस्ताराबरोबर, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आसपास आले. इतर काहींनी त्याचा संबंध आर्यांच्या आगमनाशी जोडला. वैदिक वाङ्मयाचा आधार यासाठी घेतला जाई. ऋग्वेदातील 'अयस्' या शब्दाचा अर्थ तांबे, लोखंड की नुसता धातू, यावर एकमत नाही. नंतरच्या वैदिक ग्रंथांत काळ्या धातूचा निर्देश येतो, तो लोखंडाचा असल्याचे सामान्यतः मानले जाते.

या मांडणीला १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ दिलीप कुमार चक्रवर्ती यांनी आव्हान दिले. लोखंडाच्या सर्वांत जुन्या खुणा वायव्य सीमेवरच मिळायला हव्या होत्या, पण त्या भारतीय द्वीपकल्पाच्या आतील, खनिजसमृद्ध भागांतही तितक्याच जुन्या मिळतात, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. भारताच्या बहुतेक भागांत लोहखनिज सहज उपलब्ध आहे आणि तांबे गाळण्याची कला येथे आधीपासून अवगत होती. तांबे गाळताना मळी पातळ व्हावी म्हणून लोहखनिज मिसळले जाते. अशा भट्टीत अधूनमधून लोखंडाचे कण आपोआप तयार होतात. तेव्हा स्वतंत्र शोध येथेही लागू शकतो, असे या मताचे प्रतिपादन आहे.

२००३ मध्ये राकेश तिवारी यांनी उत्तर प्रदेशातील उत्खननांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चंदौली जिल्ह्यातील मल्हार, सोनभद्र जिल्ह्यातील राजा नल का टीला आणि लखनौजवळील दादूपूर येथील लोखंड व मळीचा काळ कार्बन-१४ पद्धतीने इ.स.पू. १८०० ते १००० असा ठरविण्यात आला. यांपैकी मल्हार येथे भट्ट्यांचे अवशेषही मिळाले. विंध्य आणि कैमूरच्या या पट्ट्याला लागूनच आजच्या छत्तीसगडचा उत्तर भाग येतो, ही बाब येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्यानंतर तामिळनाडूतून आणखी जुन्या तारखा पुढे आल्या. जानेवारी २०२५ मध्ये तेथील राज्य सरकारने प्रसिद्ध केलेल्या अहवालात तुतिकोरिन जिल्ह्यातील शिवगळै येथील लोहवस्तूंशी संबंधित नमुन्यांचा काळ इ.स.पू. चौथ्या सहस्रकापर्यंत, ३३४५ पर्यंत, मागे नेण्यात आला. या तारखा मान्य झाल्या तर जगातील लोहयुगाचा इतिहासच नव्याने लिहावा लागेल. तथापि अनेक अभ्यासक सावधगिरीचा सल्ला देतात. तारीख लोखंडाची नसून त्याच्यासोबत मिळालेल्या कोळशाची, धान्याची किंवा मडक्याची असते. ती वस्तू आणि लोखंड एकाच वेळी पुरले गेले होते काय, हे प्रत्येक ठिकाणी काटेकोरपणे तपासावे लागते. तितक्याच जुन्या भट्ट्या आणि मळी सापडेपर्यंत या प्रश्नाचा अंतिम निकाल लागणार नाही.

नायकुंडची भट्टी

या संदर्भात विदर्भाचे महत्त्व वेगळे आहे. येथे वस्तू आणि भट्टी दोन्ही मिळाल्या आहेत.

नागपूरच्या परिसरात जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट, खापा, नायकुंड, भागीमोहारी अशा अनेक ठिकाणी मोठ्या दगडांची वर्तुळे आढळतात. मृतांच्या स्मरणार्थ रचलेली ही शिळावर्तुळे इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील आहेत. जुनापाणीची काही वर्तुळे एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने उकरली होती. शास्त्रशुद्ध उत्खनने मात्र स्वातंत्र्यानंतर झाली. नागपूर विद्यापीठ आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथील संशोधकांनी, विशेषतः डॉ. शां. भा. देव यांनी, या कामाचा पाया घातला.

या वर्तुळांतून लोखंडाच्या कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, बाणांची टोके, पळ्या आणि घोड्यांचे लगाम मिळाले. काही कुऱ्हाडींवर दांडा घट्ट बसविण्यासाठी लोखंडी पट्ट्यांची आडवी कडी आहेत. ही विदर्भाची खास ओळख मानली जाते. माहुरझरीला मृताबरोबर पुरलेल्या घोड्याच्या मुखावर तांब्याचे अलंकार होते. ज्या समाजाला युद्ध, शेती, सुतारकाम आणि अश्वपालन या सर्वांसाठी लोखंड वापरणे परवडत होते, तो समाज लोखंडासाठी इतरांवर अवलंबून नसावा, असा तर्क त्यावरून करता येतो.

या तर्काला भक्कम आधार दिला तो नायकुंडने. नागपूर जिल्ह्यात पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी असलेल्या या गावी डॉ. देव आणि डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९७८ ते १९८० या काळात उत्खनन झाले. तेथे वस्तीच्या जागी लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. वक्राकार विटांनी बांधलेली गोल भट्टी, भात्याची हवा आत नेणाऱ्या मातीच्या नळ्या आणि लोखंडाची मळी असा सारा संच तेथे होता. या भट्टीचा काळ इ.स.पू. सातव्या शतकाच्या आसपासचा ठरविण्यात आला. व्हीलर यांनी गृहीत धरलेल्या इराणी आगमनाच्या आधीच पेंचकाठचे कारागीर आपल्या भट्टीत लोखंड तयार करीत होते, असा याचा अर्थ होतो.

विदर्भातील लोहवस्तूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. काही अवजारांची धार पोलादाची होती. घडीव लोखंड मऊ असते. ते कोळशाच्या निखाऱ्यात दीर्घकाळ तापवले की पृष्ठभागात कार्बन मुरतो. मग तापलेली धार पाण्यात बुडवली की ती कठीण होते. गावोगावचे लोहार आजही विळ्याला 'पाणी देतात' ते याच कारणासाठी. ही युक्ती अडीच हजार वर्षांपूर्वी विदर्भात ठाऊक होती.

करकाभाट, धनोरा आणि मैकलचे अगारिया

नागपूर आणि दुर्ग यांच्यात आज राज्याची सीमा आहे. ही सीमा मात्र अलीकडची आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात छत्तीसगड होते. पुढे मध्य प्रांताचा आणि १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाचा कारभारही नागपुरातूनच चालत असे. पुरातत्त्वाच्या दृष्टीने तर हा सलग प्रदेश आहे. पूर्वीच्या दुर्ग जिल्ह्यातील, आता बालोद जिल्ह्यात असलेल्या करकाभाट, धनोरा, सोरर या गावांजवळ महापाषाणयुगीन स्मारके विखुरलेली आहेत. धनोरा येथे मराठी पुरातत्त्वज्ञ डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले. करकाभाट येथे नंतर झालेल्या उत्खननात लोखंडी बाणाग्रे मिळाली. ही स्मारके ज्या भागात आहेत, त्याच भागात दल्ली-राजहरा हे समृद्ध लोहखनिजाचे डोंगर आहेत. भिलाईचा पोलाद कारखाना याच खनिजावर उभा राहिला.

या डोंगरांच्या उत्तरेस, मैकल पर्वतरांगेत आणि तिच्या आसपासच्या मंडला, बालाघाट, बिलासपूर, सरगुजा या भागांत अगारिया नावाची जमात राहते. लोखंड गाळणे हा तिचा परंपरागत व्यवसाय होता. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांनी या जमातीवर लिहिलेला ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राचीन भट्टी कशी चालत असे याचे जिवंत चित्र त्यात सापडते.

अगारियांची भट्टी मातीची, उभट आणि साधारण कमरेइतकी उंच असे. वरच्या तोंडातून कोळसा आणि बारीक केलेले खनिज आळीपाळीने टाकले जाई. कोळसा बहुधा सालाच्या लाकडाचा. भट्टीच्या तळाशी मातीची नळी बसविलेली असे आणि तिला दोन भाते जोडलेले असत. लाकडाच्या पोकळ ओंडक्यावर कातडे ताणून केलेल्या या भात्यांवर उभे राहून माणूस एकेक पाय आळीपाळीने दाबी. दाबलेले कातडे पुन्हा वर उचलण्याचे काम वाकविलेल्या बांबूला बांधलेली दोरी करीत असे. एक भाता रिकामा होत असताना दुसरा भरत असल्याने हवेचा झोत तुटत नसे. भाता चालविण्याच्या कामात स्त्रियांचाही वाटा असे. काही तासांनी भट्टीच्या तळातून लालबुंद गोळा चिमट्याने ओढून काढला जाई आणि लगेच घणाखाली ठोकला जाई.

अगारियांच्या दैवतांची नावे या प्रक्रियेशीच जोडलेली आहेत. लोखंडात लोहासुर, कोळशात कोयलासुर आणि अग्नीत अग्यासुर वास करतो, अशी त्यांची श्रद्धा. लोगुंडी राजाच्या लोहनगरीची आणि सूर्याशी झालेल्या वैराची कथा ते सांगत. या कथा इतिहास नव्हेत. तथापि लोखंड गाळणे हा परक्यांकडून शिकलेला धंदा नसून सृष्टीच्या आरंभापासूनचा आपला वारसा आहे, ही जमातीची जाणीव त्यांतून स्पष्ट होते.

अगारिया हे थेट प्राचीन लोहकारांचे वंशज आहेत काय, हे सांगता येईल असा पुरावा नाही. नायकुंडची भट्टी आणि अगारियांची भट्टी यांत अडीच हजार वर्षांचे अंतर आहे. मात्र खनिज, साल-सागाची जंगले आणि ही विद्या जाणणारी माणसे एकाच प्रदेशात टिकून राहिली, हे दोन्ही टोकांना दिसते. लोहविद्येचा प्रसार एखाद्या साम्राज्याच्या सैन्यामागोमाग झाला असण्यापेक्षा अशा लहानलहान कारागीर समूहांच्या स्थलांतरातून, सोयरिकीतून आणि बाजारातून झाला असण्याची शक्यता म्हणूनच अधिक वाटते. अगारिया एका ठिकाणचा कोळसा संपला की दुसरीकडे भट्टी उभारत. तंत्रज्ञान प्रत्यक्षात कसे पसरते, याचे हे उदाहरण आहे.

भारतीय पोलादाची ख्याती

भारतीय लोहविद्या पुढे देशाबाहेर पोहोचली. दक्षिणेत, विशेषतः आजच्या तेलंगण, कर्नाटक आणि तामिळनाडूत, मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूडपाला यांसारखे कार्बनयुक्त पदार्थ घालून ती तापवीत व अतिशय कार्बनयुक्त पोलाद तयार करीत. 'वुट्झ' या नावाने जगप्रसिद्ध झालेले हे पोलाद पश्चिम आशियात जाई आणि तेथे त्याच्या तलवारी घडविल्या जात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मायकेल फॅरडे यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये या पोलादाचे रहस्य उलगडण्याचा प्रयत्न केला होता.

दिल्लीत मेहरौली येथे उभा असलेला गुप्तकालीन लोहस्तंभ सात मीटरहून अधिक उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा आहे. तो ओतलेला नाही. भट्टीतून निघालेले लोखंडाचे गोळे एकमेकांवर ठोकून, जोडून तो घडविलेला आहे. त्यातील फॉस्फरसच्या अधिक प्रमाणामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर तयार झाला आणि तो सोळाशे वर्षे गंजून नष्ट झाला नाही, असे कानपूर आयआयटीचे प्राध्यापक रा. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले. मातीच्या लहान भट्टीतून काय साध्य होऊ शकते, याचे हे सर्वांत भव्य उदाहरण होय.

भट्ट्या का विझल्या

१८२० च्या दशकात जेम्स फ्रँकलिन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मध्य भारतातील लोखंड गाळण्याच्या पद्धतीचे बारकाईने वर्णन केले होते. त्या वेळी ही विद्या जोमात होती. पुढील शंभर वर्षांत ती जवळजवळ संपली. कारण कौशल्याच्या अभावाचे नव्हते.

रेल्वे आली तशी इंग्लंडमधील स्वस्त लोखंडाची पत्रे आणि सळ्या खेड्यांच्या बाजारापर्यंत पोहोचल्या. त्याच सुमारास १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगले सरकारच्या ताब्यात गेली. कोळशासाठी झाड तोडणे हा गुन्हा किंवा परवान्याचा विषय झाला. अनेक भागांत भट्टीमागे कर आकारला जाई. एल्विन यांच्या ग्रंथात या कराची आणि भट्ट्यांच्या घटत्या संख्येची नोंद आहे. एक भाग लोखंड मिळविण्यासाठी त्याच्या कितीतरी पट कोळसा लागतो. कोळसा तुटला की भट्टी आपोआप थंड पडते.

महाराष्ट्रातही असेच घडले. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या परिसरात, जांभ्या दगडातून लोखंड काढणारे धावड लोक राहत. वनसंरक्षणाच्या निर्बंधांनंतर त्यांचाही धंदा बंद पडला. लोखंड काढणारे मजूर झाले, शेतीकडे वळले किंवा बाजारातील तयार लोखंडावर लोहारकाम करू लागले. जुन्या भट्ट्यांच्या जागी मळीचे ढिगारे तेवढे उरले.

नागपूरच्या संग्रहालयातील नकाशा

विझत चाललेल्या या भट्ट्यांनीच आधुनिक पोलाद उद्योगाला वाट दाखविली, हा इतिहासातील विरोधाभास आहे. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी १८८७ मध्ये त्या वेळच्या रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोहउद्योगावर अहवाल प्रसिद्ध केला. दौंडी-लोहारा जमीनदारीतील दल्ली-राजहरा याच भागात येते. स्थानिक लोक जेथील दगड भट्टीत घालतात, तेथे चांगले खनिज असणार, हा त्या काळी खनिजशोधाचा सर्वांत भरवशाचा नियम होता.

जमशेदजी टाटा यांचे लक्ष आरंभी चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजाकडे होते. परंतु तेथे खनिज असूनही योग्य कोळशाची सोय नव्हती. पुढे दोराबजी टाटा नागपुरात असताना तेथील संग्रहालयात त्यांना मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा दिसला आणि त्यात दुर्गच्या परिसरात लोहखनिजाची ठळक नोंद आढळली, असा वृत्तांत टाटा उद्योगाच्या इतिहासात नोंदलेला आहे. अमेरिकी भूगर्भशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड यांच्यासह त्यांनी दल्ली-राजहराची पाहणी केली. खनिज उत्तम होते. तथापि १९०४ मध्ये बोस यांनीच मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसानीच्या साठ्याची माहिती कळविली. तेथून कोळसा जवळ असल्याने कारखाना साकची, म्हणजे पुढील जमशेदपूर, येथे गेला.

दल्ली-राजहराला आणखी अर्धे शतक थांबावे लागले. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. चीनमध्ये जन्मलेली आणि युरोपात वाढलेली ओतीव लोखंडाची पद्धत अशा रीतीने रशियामार्गे छत्तीसगडला पोहोचली.

रसमड्यात काय घडते

भिलाईची झोतभट्टी लोखंड पूर्ण वितळविते. रसमड्याचे कारखाने दुसऱ्या, अधिक जुन्या वाटेने जातात. किंचित कललेल्या, सावकाश फिरणाऱ्या लांबलचक नळकांडी भट्टीत लोहखनिज आणि दगडी कोळसा एकत्र घातला जातो. सुमारे हजार अंश तापमानाला खनिजातील प्राणवायू निघून जातो आणि दगडाचा आकार न बदलता त्यात असंख्य छिद्रे पडतात. म्हणूनच त्याला स्पंज म्हणतात. थंड झाल्यावर चुंबकाच्या साहाय्याने ते उरलेल्या कोळशापासून वेगळे केले जाते आणि पुढे विजेच्या भट्टीत वितळवून त्याचे पोलाद करतात. जगात सर्वाधिक स्पंज आयर्न २००३ पासून भारतातच तयार होते.

अगारियांची पद्धत आणि ही पद्धत यांत दोन ठळक फरक आहेत. जुन्या भट्टीत माती-वाळू काढून टाकण्यासाठी लोखंडाचाच बराचसा अंश मळीत जात असे. त्यामुळे जुन्या मळीत आजही बऱ्याचदा चाळीस टक्क्यांहून अधिक लोखंड सापडते. आधुनिक भट्टीत ही नासाडी टळते, कारण अशुद्ध द्रव्ये नंतर वितळविताना काढली जातात. दुसरा फरक प्रमाणाचा. अगारियांच्या भट्टीतून एका वेळी काही किलो लोखंड निघे. आजची एक भट्टी दिवसाला अनेक टन देते. त्याबरोबर धूळ, धूर आणि कोळशाच्या राखेचा प्रश्नही तितकाच मोठा होतो. स्पंज आयर्न कारखान्यांच्या आसपासच्या गावांना त्याची झळ सोसावी लागते.

नष्ट होणारी साक्ष

लोहविद्येचा उगम नेमका कोठे झाला, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात मिळणार नाही. ते मळीच्या ढिगाऱ्यांत दडलेले आहे. मल्हार आणि नायकुंड यांच्यामधल्या विस्तीर्ण प्रदेशात, म्हणजे मैकल, सरगुजा, दुर्ग, बालोद आणि गडचिरोलीच्या जंगलांत, पद्धतशीर उत्खनने फार कमी झाली आहेत. मळीत अडकलेल्या कोळशाच्या कणावरून तिचा काळ ठरविता येतो. त्यामुळे भट्टीच्या प्रत्येक जुन्या जागेला महत्त्व आहे. परंतु मळीचा ढीग म्हणजे देऊळ किंवा शिल्प नव्हे. त्याला संरक्षण मिळत नाही. नांगरट, खाणी, रस्ते आणि बांधकामे यांत अशा जागा सहज नाहीशा होतात.

दुसरी साक्ष माणसांची आहे. भट्टी लावण्याची विद्या प्रत्यक्ष जाणणारी अगारिया कुटुंबे आता मोजकीच राहिली आहेत. खनिज कोणते निवडावे, भाता किती जोराने चालवावा, ज्वाळेचा रंग कोणता असावा, हे ज्ञान पुस्तकात पूर्णपणे उतरत नाही. एखादी भट्टी पुन्हा पेटवून, तिचे मोजमाप घेऊन, तिच्यातील मळीची प्राचीन मळीशी तुलना केल्यास पुरातत्त्वातील अनेक तर्क पडताळून पाहता येतात. ही संधी कायम राहणारी नाही.

दल्ली-राजहराच्या डोंगरातील दगड महापाषाणकाळापासून माणसाच्या उपयोगी पडत आला असावा. त्याच दगडाने जमीनदारीच्या जंगलातील भट्ट्या तापल्या आणि त्याच दगडापासून भिलाईचे रूळ झाले. ज्यांनी त्या दगडातील लोखंड प्रथम ओळखले, त्या कारागिरांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. त्यांची सही मळीवर आहे, आणि ती पुसली जाण्यापूर्वी वाचणे आवश्यक आहे.